डेल्फिन आत्याची वेणी

डेल्फिन आत्याकडून काही हवं असेल, तर आधी तिच्या हातावर तंबाखूची पुडी ठेवायची. पुडी एकदा घेतली, की मग नकार देता येत नाही. कॅनडातल्या आम्हा क्री आदिवासींत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शाळेतल्या हॅलोरन बाईंनाही कुणीतरी हे शिकवलं आणि तिथून सगळं बिघडलं.

बाई शहरातल्या, गोऱ्या, तरुण, मनाने चांगल्या. चांगल्या माणसांचं मला भय वाटतं. दुष्ट माणूस निदान पुडी घेऊन येत नाही.

"आजी, तुमच्या लहानपणीच्या शाळेबद्दल मुलांना सांगाल? खरं कळल्याशिवाय आपली मनं कशी जुळणार?" असं म्हणून बाईंनी पुडी पुढे केली. आत्याने पुडीकडे बराच वेळ पाहिलं, मग घेतली.

पोटच्या पोराला, लॉइडला, जे कधी सांगितलं नव्हतं, ते तिने भर वर्गात सांगितलं. सहा वर्षांची असताना तिला घरातून उचलून पाद्र्यांच्या शाळेत नेलं आणि नेल्या नेल्या तिची वेणी कापली. आमच्यात वेणी कापतात ती घरचं माणूस गेल्यावर. पोरीला वाटलं, आई मेली. विचारणार कुणाला? आपल्या भाषेत बोललं की फटके बसायचे. जिवंत आईचं सुतक तिने एकटीने पाळलं. पुढे आई खरोखर गेली, तेव्हा शाळेने कळवलंसुद्धा नाही. सुट्टीत घरी आल्यावर तिला समजलं, आणि तेव्हा कापायला डोक्यावर वेणीच नव्हती.

त्याच वर्गात तिची नात शेलिन बसली होती. शेलिनची आई केव्हाच घर सोडून गेलेली. बाप, म्हणजे लॉइड, जंगलातले वणवे विझवायला जातो, तेव्हा पोरगी आजीजवळ. तिची कमरेपर्यंतची वेणी आत्याच घालायची.

त्या पानगळीत लॉइड उत्तरेला वणव्यावर होता आणि कित्येक दिवस त्याचा फोन नव्हता. आत्या आणि मी पायरीवर बसून रानबदकांची पिसं उपटत होतो.

"तुझ्यापेक्षा कोल्हा बरा उपटतो गं," आत्या म्हणाली.

"मग त्यालाच बोलवायचंस. चहा तरी मागणार नाही."

शाळेची बस थांबली. शेलिन उतरली. तिची मान उघडी होती, केस कानाशी कापलेले.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "लॉइड?"

आत्याच्या मांडीवरचं बदक खाली पडलं. हातातल्या सुरीनेच तिने आपली वेणी कापली. नवरा गेल्यापासून वाढवलेली, पांढरी वेणी. मग तिने हंबरडा फोडला.

ते पाहून पोरगी धावत आली. "आजी, वेणी का कापलीस? बाबा गेला?"

दोघी एकमेकींना मिठी मारून रडत होत्या, आणि दोघींनाही बातमी एकमेकींच्या कापलेल्या केसांवरूनच कळली होती. शेवटी मी शेलिनचा दंड धरून हलवला. "तुझी वेणी कुणी कापली?"

"बाईंनी. आजीच्या गोष्टीचं वर्गात नाटक केलं, त्यात मी आजी झाले होते. लोकरीची वेणी खरी वाटेना. बाई म्हणाल्या, तुझी कापली तर चालेल का?"

"आणि तू हो म्हणालीस?"

"त्यांनी आधी हातावर तंबाखू ठेवली ना. मग नाही कसं म्हणू?" ती हुंदके देत म्हणाली. "सगळे रडले. बाईपण रडल्या."

संध्याकाळी वणवा विझवणाऱ्यांच्या छावणीवर फोन लागला. लॉइड जेवत होता. आत्याने फोन माझ्या हातात दिला. "तूच बोल. मी काय सांगू त्याला? तुझं सुतक पाळलं म्हणून?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई आल्या, डोळे सुजलेले. "माझं चुकलं, आजी. माफ करा." बाईंनी डोळे पुसले आणि पर्समधून पुडी काढली. "हे कालचंही तुम्ही मुलांना सांगाल का? त्यांना यातून फार शिकता येईल."

मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आत्याने मात्र दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. बाईंचा हात तसाच पुढे राहिला.

"शेलिन," आत्या म्हणाली, "दार लाव."

पोरीने एकदा बाईंकडे पाहिलं आणि दार लावलं. सकाळी तिला त्यांच्याच वर्गात बसायचं होतं. आमच्या गावात दुसरी शाळा नाही.