पत्र्याची खोली आणि ताईचं पहिलं बाळंतपण

ताईचे दिवस पौषात भरणार होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे आमच्याकडे कुणाला ठरवावं लागत नाही. प्रश्न माहेराचा होता. ताईचं माहेर म्हणजे भिवंडीच्या नारपोलीतली आमची एक खोली. तीन भिंती विटांच्या, चौथी पत्र्याची आणि डोक्यावरही पत्राच. पत्र्यापलीकडे उघडं गटार आणि मोकळी जागा, तिथून खाडीकडचा वारा सरळ आत शिरायचा. उन्हाळ्यात ही खोली भट्टी व्हायची आणि पावसात गळायची. थंडीबद्दल मात्र कुणी तक्रार करत नसे, कारण भिवंडीत थंडी पडते हेच लोकांना मान्य नव्हतं. ज्यांना मान्य नाही त्यांनी डिसेंबरच्या पहाटे त्या पत्र्याला पाठ लावून झोपून बघावं.

दिवाळीनंतर दाजी आले. दिघाशीला त्यांची थोडी शेती, स्वभावाने गरीब माणूस. चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आई म्हणते, आधी खोली बघून जाते. थंडीचं बाळ हाय. खोली बरी वाटली तर पाठवते."

"आणि नाही वाटली तर?" मी विचारलं.

"तर मंग तिकडंच," ते म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझं डोकं सदा तापलेलं असायचं. बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, कामगारांच्या युनियनमध्ये होते, आणि मी अक्षरं शिकले ती युनियनच्या पत्रकांवर. आठ तासांची शिफ्ट, किमान वेतन, हजेरी कार्ड हे शब्द मला बडबडगीतांच्या आधी येत होते. आमच्या घराची तपासणी करायला कुणीतरी येणार, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरेना. मी म्हणाले, "आपण काय गुन्हेगार आहोत? गरीब आहोत म्हणून पोरगी माहेरी येऊ शकत नाही?"

आई मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. घरबसल्या मिळणारं तेवढंच काम होतं. मान वर न करता ती म्हणाली, "वारा कुठून येतो ते बघ. भाषण नंतर कर."

वारा सगळीकडून येत होता. पत्रा आणि वीट जिथे भेटतात तिथून, खिळ्यांच्या भोकांतून, छताच्या पन्हळीखालून. वीट लावायची ऐपत नव्हती. विजेच्या हीटरचं नावही काढण्यात अर्थ नव्हता, दिवसातला बराच वेळ वीजच नसायची. लूम बंद पडले की अख्खी नारपोली एकदम बहिरी झाल्यासारखी वाटायची. मग जे फुकट होतं ते आम्ही गोळा केलं. बाबांनी कारखान्यातून टाकाऊ सुताचे गुंते आणले. मी आणि आईने ते चमच्याच्या दांड्याने फटीफटीत ठासले. आईने डागी कापडाच्या तुकड्यांच्या गोधड्या शिवायला घेतल्या, आत जुनी लुगडी. आणि पत्र्याची भिंत झाकायला बाबांनी पलंगाखालचे पत्रकांचे गठ्ठे बाहेर ओढले.

ती एका सभेची पत्रकं होती. सभेला परवानगी मिळाली नाही आणि गठ्ठे आमच्याकडे पडून राहिले. भिंतीवर कागद चिकटवण्यात बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता. आयुष्यभर त्यांनी कारखान्यांच्या भिंती रंगवल्या होत्या, कागद लावले होते, मालकांच्या माणसांनी फाडले की पुन्हा लावले होते. मैद्याची खळ त्यांनी स्वतः शिजवली. खळीत मोरचूद घातला की झुरळं कागद खात नाहीत, पण आईने तो घालू दिला नाही. "खोलीत बाळ यायचंय. विष कशाला?"

मग भांडण झालं ते कागदाच्या बाजूवरून. मला छापील बाजू समोर हवी होती. आई म्हणाली, "विहीणबाई आत येणार आणि समोर काय, मालकशाही मुर्दाबाद?"

"त्यांना वाचता येत नाही."

"दाजींना येतं ना. बाळंतिणीच्या उशाशी मुर्दाबाद नको मला."

बाबा हसले. युनियनच्या ऑफिसात कधी न हरणारा माणूस, पण घरात त्यांनी निकाल आईच्या बाजूने दिला. कोरी बाजू खोलीकडे. एकावर एक थर चढले. शेजारची भाभी, उत्तरेतल्या मऊ गावाकडची, दारातून बघून म्हणाली, "दीदी, ये घर है कि प्रेस?" पण दुसऱ्या दिवशी तीच आपल्या खोलीसाठी कागद मागायला आली.

खळ वाळली. भिंत कडक झाली, टिचकी मारली की पुठ्ठ्यासारखा आवाज यायचा. पहिल्या रात्री वारा आला नाही. आई म्हणाली, बाजलं इथे, शेगडी तिथे, दोरी या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत, लंगोट वाळायला. ती बोलत होती तेव्हा मला ताई तिथे दिसायलाही लागली. तरी मला स्वस्थ बसवत नव्हतं. मी उठून उठून फटी चाचपायचे. आपण दुसऱ्यांच्या परीक्षेची तयारी करतोय, हे मनातून जात नव्हतं.

मार्गशीर्षात थंडी पडली ती एकदम. विहीणबाई यायच्या दिवशी खोली गरम हवी म्हणून आईने सकाळपासून स्टोव्ह पेटता ठेवला. आधी अंघोळीचं पाणी, मग भात, मग चहाचं आधण. दार लोटून घेतलं होतं. फटी तर आम्हीच बुजवल्या होत्या. खोली खरोखर गरम झाली आणि आई खूश झाली.

विहीणबाई दाजींबरोबर आल्या. काठापदराचं लुगडं, हातात नव्या तांदळाची पिशवी. बसल्या, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "ऊब हाय." आईने माझ्याकडे पाहिलं. मी चहा गाळायला वळले.

तेवढ्यात टप्प असा आवाज झाला. छताच्या कडेचा एक कागद सुटून विहीणबाईंच्या खांद्यावर पडला होता, ओला, खळीने चिकट. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला. दुसरा पडला. मग भिंतीचा एक अख्खा थर हळूहळू पोट काढत खाली आला आणि मागचा पत्रा दिसला. पत्र्याला घाम फुटला होता. बाहेर थंडी, आत आमच्या स्टोव्हची वाफ आणि तिला बाहेर जायला कुठे जागाच नाही. कारखान्याची भिंत खळ पिऊन घेते. पत्रा काहीच पीत नाही. आयुष्यभर कागद लावलेल्या बाबांच्या डोक्यात हे आलं नव्हतं, कारण त्यांनी कागद नेहमी दुसऱ्यांच्या पक्क्या भिंतींना लावले होते.

विहीणबाई उठल्या. पत्र्यावर तळहात ठेवला, तो ओला झाला, पदराला पुसला. "बाजलं कुठं घालणार?"

आईने जागा दाखवली. बरोबर त्या भिंतीखाली.

"न्हाय हो विहीणबाई. पोर न्हाय ठेवायचं हिथं. सर्दीनं जाईल."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आमच्या अख्ख्या चाळीत पोरं जन्मतात. सगळी काय बंगल्यात वाढतात? घर पाहून बाळंतीण पाठवायची तर गरिबांच्या पोरींना माहेर नाहीच म्हणायचं."

विहीणबाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "बोलनं झ्याक गरम हाय तुझं. बाळाला गुंडाळता येतंय का त्यात?" मग आईकडे वळून, "हिला कोन करून घेनार हाय, बाई?"

दाजी खाली बघून हसले. बाबा नेहमी गेटवर उभे राहून शेठला जाब विचारायचे. ते जमिनीवरचे ओले कागद गोळा करत होते. उलटलेल्या कागदांवर मोठ्या अक्षरात 'हक्क' दिसत होता.

आई बोलली. "ताईला इथे आणत नाही मी. मी तिकडे येते."

विहीणबाई गोंधळल्या. "तुमी? आमच्याकडं? सव्वा महिना?"

"आधीपासून येते. बाळंतपण माझ्या हातचं होईल. घर तुमचं असू दे."

"आवो, पन तुमी आमच्या घरचं खानार न्हाय."

ते खरं होतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचा घास घ्यायचा नाही, हे आई पाळायची. ताईच्या लग्नानंतर दिघाशीला गेली तरी ती पाणीसुद्धा न पिता परत यायची.

"माझा स्टोव्ह आणीन. तांदूळ आणीन. पडवीत कोपरा द्या."

"माझ्या पडवीत दुसरी चूल? गाव काय म्हनेल?"

"गाव काय म्हणेल ते तुम्ही बघा. पोरीला कोण तेल लावेल ते मी बघते."

इतका वेळ मी भांडत होते, पण घर सोडून माहेर उचलून नेता येतं हे मला सुचलं नव्हतं. विहीणबाईंनी कोपऱ्यातली एक गोधडी उचलून उलटसुलट पाहिली. निघताना दारात म्हणाल्या, "गोधड्या झ्याक शिवल्यात. त्या आना."

आईने सगळ्या गोधड्या नेल्या. स्टोव्ह नेला, तांदूळ, ओवा, डिंक, तेल नेलं. कांड्यांचं काम सुटलं. मी आणि बाबा त्या खोलीत राहिलो आणि आमच्यासाठी एक सतरंजी उरली. वाफ जायला वाट हवी म्हणून बाबांनी वरच्या फटींतलं सूत उपसून काढलं आणि वारा पुन्हा आत आला. आम्ही भाभीच्या चुलीवर भात शिजवायचो आणि कुडकुडत आठ तासांच्या शिफ्टवर वाद घालायचो. बाबा म्हणायचे, मिळेल. मी म्हणायचे, कधी? मला कशाचाच धीर नव्हता, ना त्यांच्या लढ्याचा, ना ताईच्या निरोपाचा.

निरोप आला तेव्हा मी दिघाशीला गेले. मुलगी झाली होती. ताई आतल्या खोलीत होती, कुडाच्या भिंतीलगत, शेगडीजवळ, चेहरा सुजलेला आणि हसरा. बाळ आईच्या गोधडीत होतं, फक्त नाक बाहेर. मी विचारलं, "ताई, तुला कुठे हवं होतं गं?" ती म्हणाली, "मला आई हवी होती. कुठेही."

पडवीत आई जेवायला बसली होती. तिचा स्टोव्ह विहीणबाईंनी सकाळीच उचलून फळीवर ठेवला होता आणि आता त्या आईच्या ताटात भाकरी वाढत होत्या. आई म्हणत होती पुरे, आणि त्या ऐकत नव्हत्या.

"इतके दिवस याच पडवीत वेगळं शिजवत होतीस," मी म्हणाले. "आज काय बदललं? एक मूल झालं म्हणून तू जेवायला लायक झालीस?"

"झाली सुरू," विहीणबाई म्हणाल्या आणि माझ्यासाठी पाट सरकवला. "बस. जेव, मंग भांड."

मी बसले. भाकरी गरम होती आणि मला भूक लागली होती. पण तो प्रश्न मी मागे घेतला नाही.