सकाळी सायकलवर आलेला माणूस

आमच्या भागात हौसेनं सायकल चालवणारा माणूस लोकांना सहन होत नाही. गरिबीनं चालवली तर चालते, शाळेत जाणाऱ्या पोरींनी चालवली तर चालते. पण पांढऱ्या केसांचा, पेन्शन खाणारा माणूस डोक्यावर हेल्मेटचं ते टोपलं घालून कारंजा गावाबाहेर सायकल हाणत निघाला, की येणारा-जाणारा गाडी हळू करतो.

"काका, गाडी कुठी राह्यली?"

"घरी आहे."

"मंग सायकलनं काहून?"

"असंच. फिरायला."

हे उत्तर कोणाच्याच पचनी पडत नाही. एकदा एका भल्या माणसानं मला मोटारसायकलवर मागं बसायचा फारच आग्रह केला. सायकलचं काय करू, असं विचारलं तर म्हणाला, "राहू द्या तथी बाभळीले टेकून. कोन नेते?" गिअरची सायकल होती ती. तो अपमान मला आठवडाभर पुरला.

डॉक्टरांनी रक्तात साखर निघाल्याचं सांगितलं आणि मी सायकल घेतली. बायको म्हणाली, "पायी फिरलं तं काय इज्जत जाते का?" पण पायी फिरणारे निवृत्त लोक मला बघवत नाहीत. ते चौघं-पाचजण मिळून चालतात आणि सगळ्या रस्त्यानं गुडघ्यांबद्दल बोलतात. सायकलवर निदान एकट्यानं तरी दमता येतं.

त्रास म्हणाल तर ढीगभर आहे. रस्त्याच्या कडेला सराटे. तो बारका काटा टायरमधून असा आत जातो की शोधून सापडत नाही, आणि पंक्चरवाला सायकल पाहून तोंड फिरवतो. सोयाबीन निघालं की लोक अर्धा रस्ता अडवून ते वाळत घालतात आणि भोवती दगड लावून ठेवतात. त्यावरून जीप गेली तर कोणी काही बोलत नाही, माझं चाक घसरलं की शिव्या. कुत्र्यांचं तर विचारूच नका. मोटारसायकलमागं ती चार पावलं धावून सोडून देतात, माझ्या पोटरीशी मात्र त्यांचं जुनं वैर असावं.

आणि तरीही मी निघतो. दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर मला कोणाचं काही लागत नाही. थंडीत डोळ्यांतून पाणी येतं, ते पुसायचं नाही, आपोआप वाळतं. तुरीत एखादा रोही, म्हणजे नीलगाय, उभा असतो. मोटारसायकलचा आवाज ऐकला की तो पळतो, माझ्याकडं मात्र मान वळवून नुसता पाहत राहतो. उतार लागला की पाय थांबवायचे. मग मागच्या चाकाची टिकटिक तेवढी ऐकू येते. हे सुख मी बायकोला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. ती म्हणाली, पोट तर आहे तिथंच आहे.

माझी मोठी बहीण इंझोरीला असते. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, एका मुकादमाबरोबर पुण्याकडं कंपनीत कामाला गेला होता. पोरगा भांडखोर. भाजीत मीठ जास्त झालं तरी आईशी भांडायचा, आणि भांडून झालं की तिच्याच ताटात जेवायचा. गेल्यावर सुरुवातीला त्याचे फोन येत. मग ते बंद झाले, मग नंबरच बंद झाला. मुकादम म्हणाला, एक दिवस बॅग घेऊन निघून गेला, आम्हाला काय माहीत. मी पुण्याला जाऊन आलो, पोलिसांत तक्रार दिली, साहेबांपुढं हात जोडले. काही हाती लागलं नाही. बहीण तेव्हापासून फोन कमरेला पिशवीत बांधून हिंडायची.

सायकल घेतल्यावर पहिला लांबचा पल्ला म्हणून मी इंझोरी ठरवलं. बहिणीला सांगितलं नाही. म्हटलं, जरा चकित होईल.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. घरोघर फोन नव्हते, तेव्हा आमच्याकडं कोणी वारलं की भावकीतली तरणी पोरं सायकली घेऊन निघायची. कोणी कोणत्या दिशेच्या सोयऱ्यांकडं जायचं ते वडीलधारी ठरवून द्यायची. असा माणूस सकाळीच दारात यायचा. सायकल स्टँडवर लावायचा नाही, भिंतीला टेकवायचा. पाणी घ्यायचा नाही. सांगायचं ते सांगून पुढच्या गावाला जायचा. आमचे वडील गेले, तेव्हा इंझोरीला असाच एकजण गेला होता. बहिणीनं त्याला लांबून येताना पाहिलं आणि त्यानं तोंड उघडायच्या आधीच चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवली, असं ती अजून सांगते. पुढं फोन आले, मोटारसायकली आल्या, सायकली घराघरांत मोडीत गेल्या. पण तिच्या वयाच्या बायांना सकाळी सायकलवर आलेला सोयरा अजूनही तसाच दिसतो.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हौसेच्या भरात डोक्यात आलं नाही.

मी पोचलो तेव्हा घामानं निथळत होतो. माझ्या सायकलला स्टँड नाही, हल्लीच्या सायकलींना नसतं, म्हणून ती भिंतीला टेकवली. धाप इतकी लागली होती की बोलताच येईना. बहीण अंगणात होती. तिनं मला पाहिलं, सायकल पाहिली, घरात जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्यापुढं धरलं. दमल्यावर लगेच पाणी पिऊ नये असं मी कुठंतरी वाचलं होतं. मी हातानंच नको म्हणालो.

तिच्या हातातून तांब्या पडला. ती तिथंच मातीत बसली आणि पोराचं नाव घेऊन जी ओरडली, तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. शेजारच्या बाया धावत आल्या. कोणी तिला धरलं, कोणी मला विचारलं, "कुठी सापडला? कवा झालं?" मी नुसता हात हलवत होतो. दम परत आल्यावर म्हणालो, "अवं काई नाई झालं! हवा खायले आलो मी!"

 एक म्हातारी म्हणाली, "एवढा शिकलेला मानूस तू. हौस म्हनून सायकल चालवते का कोनी?"

मला राग आला होता. त्या म्हातारीचा, बहिणीचा, सायकलचा, आणि ज्यानं आईला असं टांगून ठेवलं त्या पोराचा सगळ्यात जास्त. मी निघताना बहीण म्हणाली, "बाप्पा, आता एस्टीनं येत जाय."

मग मी एस्टीनं जायला लागलो. फलाटावर बसायचं, बस येणार की नाही हे कोणालाच माहीत नसायचं, आली तर उभं राहून जायचं. तिथं पोचेपर्यंत मी इतका वैतागलेला असायचो की बहिणीशी दोन शब्द धड बोलणं व्हायचं नाही. तीही उदास असायची. चहा व्हायचा, पावसापाण्याचं बोलणं व्हायचं, पोराचा विषय दोघंही टाळायचो.

थंडी पडायला लागली तेव्हा एक दिवस तिचाच फोन आला. "सायकल इकली का तू?"

"नाही. का?"

"मंग सायकलनंच ये."

मी म्हणालो, तुला त्रास होतो ना. ती म्हणाली, "होते. तू त्या दिवशी आलता तं मी मेलीच होती. पन मंग समजलं का काई नाई, तं त्या रात्री मले झोप लागली. इतक्या महिन्यांनी लागली. मंग चार-पाच दिवस बरी होती मी. एस्टीनं येतं तं तसं होत नाई."

हे ऐकून मी फोन ठेवला. बायकोला सांगितलं तर तिनंही काही टोमणा मारला नाही. मला ते भयंकर वाटलं होतं, आजही वाटतं. पण मी गेलो.

मग ते दर आठवड्याचंच झालं. मी लवकर निघायचो. गावात शिरलो की रस्ता बहिणीच्या घरापर्यंत सरळ आहे, त्यामुळं मी तिला आणि ती मला लांबूनच दिसायची. ती अंगणात काहीतरी निवडत असायची. सायकल दिसली की तिचा हात थांबायचा. सुपातले दाणे तसेच मुठीत धरून ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची. तेवढा रस्ता मला फार जड जायचा. मी हात वर करून ओरडायचो, "हवा खायले आलो वं!" मग तिची मूठ सुटायची. मला ती शिव्या घालायची, हसायची, चहात साखर टाकू नको म्हटलं तरी टाकायची. मीही प्यायचो. ज्या साखरेपायी सायकल घेतली, तीच मी तिथं जाऊन पोटात घालत होतो.

परतीचा रस्ता मात्र सुंदर असायचा. असं म्हणू नये, पण होता. ती हसलेली असायची, आता दोन-चार दिवस झोपेल हे मला ठाऊक असायचं, आणि मी पाय थांबवून उतारावरून टिकटिक ऐकत यायचो. असं वर्ष गेलं. दुसरा हंगाम आला आणि संपला. तपास काही लागला नाही. गावातली माणसं मला ओळखायला लागली, कोणी गाडी कुठं राहिली असं विचारेना. हवाखाऊ मामा म्हणायची मला.

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. मी गावात शिरलो. बहीण अंगणात तूर पाखडत होती. मला पाहिलं तिनं, नक्की पाहिलं. पण हात थांबला नाही. सूप चालूच राहिलं. मी ओरडायला तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं आणि सायकल हातात धरून दारापर्यंत चालत गेलो.

"हातपाय धू. चाय ठेवतो," ती म्हणाली.

मला एकदम उमगलं. पोराचा फोन आला. त्याशिवाय ही अशी शांत बसेल का? मी हसतच तिच्या मागं स्वयंपाकघरात गेलो.

"फोन आला का त्याचा?"

"नाई."

तिनं चहा गाळला, माझ्यापुढं ठेवला आणि समोर बसली. मग म्हणाली, "येत्या पुनवेले पुण्यानुमोदन करून टाकतो."

आमच्यात माणूस गेल्यावर त्याच्या नावानं बुद्धवंदना होते, सोयरे जमतात, चार शब्द बोलतात, जेवतात. त्याला पुण्यानुमोदन म्हणतात. कोणाचं, हे मी विचारायला नको होतं, तरी विचारलं. तिनं पोराचं नाव घेतलं. आवाज साधा होता.

"तो मेला असं कोनं सांगतलं तुले?" माझा आवाज चढला.

"कोनीच नाई सांगतलं. कोनी येतच नाई सांगायले. किती वाट पाहू?" ती म्हणाली. "तू सायकलनं येतं तं माह्यं काळीज हाले. आता हालत नाई. मांगच्या खेपेलेच नाई हाललं. तुले समजलं नाई. तू हासला, मी बी हासली."

मी तिला वाटेल ते बोललो. असं कोणी करतं का, पोलिसांनी अजून फाईल बंद केलेली नाही, लोक काय म्हणतील. माझं बोलून संपल्यावर ती म्हणाली, "पाव्हण्यायले सांगा लागते. फोनवर नको. फोनवर लोक खोदून खोदून इचारते. तू सायकलनं जाय. कामरगावले माह्या दिराकडं जाय पयले, मंग बाकीच्यायकडं. तसाबी फिरतच राह्यतं तू."

"अन् तो जिता असला तं?"

ती उठली. माझा चहा गार झाला होता, तो घेऊन पुन्हा गॅसवर ठेवला. माझ्याकडं पाठ होती तिची.

"असला तं येऊन भांडू दे मले. म्हनू दे, माय, मी जिता असून माह्यं करून टाकलं तू. तेवढ्यासाठी तं येईन तो."

मला रडू आलं. तिला आलं की नाही ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामरगावला निघालो. मोटारसायकल काढावी असं मनात आलं होतं, पण तिनं सायकल म्हटलं होतं. वारा पाठीमागून होता आणि पायडल मारायचीही गरज पडत नव्हती. सगळ्या रस्त्यानं मी ब्रेक धरून गेलो.