पाण्याआधी गुळाचा खडा

आमच्या तीर्थपुरीच्या घरात नुसतं पाणी कुणाला देत नसत. उन्हातून आलेला माणूस वैरी का असेना, आधी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, मग तांब्या. हे काम माझं. मी तेव्हा बारा वर्षांची, आणि त्यात कुणी लुडबूड केली की माझा पारा चढायचा.

त्या उन्हाळ्यात दादा, म्हणजे माझे वडील, सारखं पाणी मागू लागले. शेतातून आले की एक तांब्या, जेवायच्या आधी एक, जेवण होतं न होतं तोच आणखी एक. "बाई, पाणी आण गं. घसा सुकून राह्यला," म्हणायचे. मी गूळ घेऊन धावायची. जेवणही दुप्पट झालं होतं, तरी सदरा खांद्यावर लोंबायला लागला. ते वाळत चालले तसतसा मी खडा मोठा करत गेले. मला वाटायचं, माझ्यामुळेच माणूस उभा आहे.

दिवसातून दहादा ते गोठ्यामागे लघवीला जात. त्या जागी काळ्या मुंग्या जमू लागल्या. काळी मुंगी म्हणजे लक्ष्मी, माय खूश! "घरात बरकत येऊन राह्यली," म्हणत तिने मुंग्यांना चिमूटभर पीठ घातलं. मुंग्या नेमक्या तिथेच का, हे आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. भाबडेपणालाही काही सीमा असते, आमच्या घरी ती नव्हती.

मग दादांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. महिना झाला तरी जखम भरेना, तेव्हा मायने त्यांना बैलगाडीत घालून अंबडच्या एका म्हाताऱ्या हकिमांकडे नेलं. मीही हट्टाने गेले. हकिमांनी जखम पाहिली, जीभ पाहिली आणि विचारलं, "पेशाबला मुंग्या लागतात काय?"

मायचा चेहरा उतरला. तिने हळूच मान हलवली.

"तहान?"

"लई," दादा म्हणाले.

"पाण्यासंगं काय देता?"

मी पुढे सरसावले. "गूळ! मीच देते. मोठा खडा देते."

हकीम माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बेटी," ते म्हणाले, "यांना साखरेचा मर्ज हाय. गूळ आता बिलकुल बंद."

परतताना माय गाडीत रडत होती. "घाल आता मुंग्यांना पीठ!" मी तिला तोडून बोलले. खरं तर मला माझाच राग आला होता.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, सगळं केलं. दादा वर्षभर तगले. मी नुसतं पाणी न्यायची. सवयीने त्यांचा हात पुढे यायचा, लक्षात आलं की ते तो मागे घ्यायचे, आणि मला दुसरीकडे पाहावं लागायचं.

शेवटी हकीम घरी येऊन म्हणाले, "आता मागतील ते द्या." दादांनी हात पसरला. मी त्यावर हरभऱ्याएवढा गूळ ठेवला. त्यांनी तो उचलून माझ्याच तोंडात घातला.

"खा बाई. वरीस झालं, तू बी गुळाला हात लावला न्हाईस."

मी गूळ सोडल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं.