अक्कांची कुत्री आणि माझी डॉक्टरकी

तुरीवर अळी पडली की शेतात जी पावडर धुरळतात, ती मी एकदा माझ्या जाऊबाईंच्या कुत्रीला लावली. चांगली अंगभर, शेपटीच्या टोकापर्यंत. गोचीड मारायला. आता कोणी म्हणेल, बाईला कळत नव्हतं का? कळत होतं हो. आपल्याला सगळं कळतं असंच वाटत होतं, तोच तर रोग होता.

तेव्हा मी साठी ओलांडली होती आणि रुबाब असा की गल्लीतल्या निम्म्या दुखण्यांवर माझं औषध चालायचं. पोटात कळ आली की ओवा, गळू झालं की भाजलेला कांदा, लेकरू रडायला लागलं की आधी त्याच्या आईला दोन शब्द. माझ्या हातानं बरे झालेले लोक होते तसे. ते माझ्याकडे आले नसते तरी बरे झाले असते, हे मला फार उशिरा सुचलं.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळं घर अक्का म्हणतं. कन्नड मुलखातल्या आळंदजवळच्या आमच्या गावात त्यांचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत. चुली मात्र कधीच वेगळ्या झालेल्या. भाऊजी गेले, लेक हैदराबादेत नोकरीला लागला, आणि अक्कांचे कान हळूहळू मिटत गेले. दारात कोणी हाका मारून मारून परत जायचं आणि आत अक्का निवांत शेंगा सोलत बसलेल्या. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, त्याचाही पत्ता नाही. लेक म्हणाला, आई, आता हैदराबादला चल. अक्का म्हणाल्या, तिथं चौथ्या मजल्यावर मी कोणाशी भांडू?

मग ती कुत्री आली. तुरीच्या पोत्यांमागं कोणीतरी टाकून गेलेलं पिल्लू, रंग जळक्या भाकरीचा. तिला कोणी शिकवलं नाही, पण दारात माणूस आलं की ती आत जाऊन अक्कांचा पदर ओढायची. दूध उतू जायला लागलं तरी ओढायची. लेकानं सुट्टीत येऊन हे बघितलं आणि म्हणाला, ही हाय तोवर राहा इथं. म्हणजे अक्कांचं घर, अंगण, माझ्याशी भांडण, सगळं त्या कुत्रीच्या चार पायांवर उभं होतं. हे मला माहीत होतं. हे माहीत असून मी पावडर लावली.

कुत्रीचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण ते माझंच आहे. अक्कांनी मुद्दाम ठेवलं की सहज तोंडात बसलं म्हणून, हे मी आजवर विचारलेलं नाही. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारू नयेत.

अक्का उमरग्याला भाच्याच्या लग्नाला निघाल्या, तेव्हा कुत्री माझ्या ओसरीवर आली. "दोन टायमाला भाकर अन् ताक दे. दुसरं काय बी करू नको," अक्का म्हणाल्या. त्या शेवटच्या वाक्याचा मला राग आला. कुत्रीच्या कानामागं बघितलं तर गोचीड चिंचोक्यासारखे फुगलेले. मी मनात म्हणाले, सांभाळायचं म्हणजे कसं असतं ते दाखवतेच आता. आमच्याकडे शेतात जुन्या धोतराच्या फडक्यात पावडर बांधतात आणि काठीनं त्या पुरचुंडीला हलकं झोडपत तुरीतून चालतात. मी तस्सं केलं. कुत्री शिंकली, अंग झाडलं आणि मग कुत्री जे करणारच ते तिनं केलं. स्वतःला चाटायला बसली.

माझी जेवणाची भांडी घासून होईपर्यंत तिच्या तोंडातून लाळेची तार लागली होती. अंगावर अशी थरथर, की कातडीखालून कोणी चाळणी हलवतंय. उठायला गेली आणि मागचे पाय दोन दिशांना गेले. मी नाव घेऊन हाक मारली, स्वतःचंच नाव, तिनं मान वळवली नाही.

गावातल्या जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी गेले होते. तिथल्या कंपाउंडरनं एक नंबर दिला. म्हणाला, "गुलबर्ग्यात एक संस्था हाय. लोकांच्या देणगीवर चालती. गाडी पाठवत्यात." मी फोन लावला. पलीकडून एका बाईनं विचारलं, काय झालं? आणि मी, गल्लीची डॉक्टरीण, म्हणाले, "साप चावला असंल."

का म्हणाले? साप म्हटलं की माझा दोष नाही, सापाचा आहे. इतकाच हिशोब. त्या बाईनं सांगितलं, तिला हलू देऊ नका, पाणी ओतू नका, चोळू नका. तुम्ही तिकडून निघा, आमची गाडी इकडून निघते, वाटेत भेटू. म्हणजे ज्या अंगावर बादल्याच्या बादल्या ओतायला हव्या होत्या, ते कोरडं ठेवून मी निघाले.

शेजारचा जीपवाला अण्णा धावून आला. आळंद ते गुलबर्गा सवाऱ्या भरणारा माणूस, तोंडाला कुलूप नाही. मागच्या सीटवर कुत्री माझ्या मांडीत. त्यानं दोनदा आरशात बघितलं.

"काकू, साप कुठं चावला?"

"पायाला."

"कोणत्या?"

"तू रस्ता बघ."

"रस्ता बघायलोय. पन हा साप तुरीत राहणारा दिसतोय. गाडीत फवारणीचा वास कामून यायलाय?"

मी बाहेर बघत राहिले. दोन्ही बाजूंना तूर फुलली होती. इतकं पिवळं शेत दुसऱ्या कुठल्या दिवशी मला सुंदर वाटलं असतं.

एका बस थांब्यापाशी त्यांची गाडी उभी दिसली. साधी मालवाहू व्हॅन, आत गादी, टांगलेल्या सलाईनच्या बाटल्या, जाळीची खिडकी. डॉक्टरीण खाली उतरून उभीच होती. माझ्या थोरल्या नातीपेक्षा जरा मोठी असेल. मूळची बिदरची, नौबादची, म्हणून मराठीही बोलायची. हातांवर कोपरापर्यंत ओरखडे, जुने नवे. तिनं कुत्रीला सिमेंटच्या बाकावर घेतलं आणि दाताच्या खुणा शोधायला केस बाजूला करायला लागली. तिचे हातमोजे पांढरे झाले. तिनं बोटं नाकाशी नेली, मग डोळ्यांत टॉर्च मारला. मग माझ्याकडे बघितलं.

"अज्जी, हे काय हाय?"

अण्णा जीपला टेकून उभा होता. त्यानं एकदम दुसरीकडे बघायला सुरुवात केली. माणूस बडबड्या असला तरी वेळेला कुठं बघू नये हे त्याला कळतं.

"तुरीची पावडर," मी म्हणाले. "गोचिडासाठी. मीच लावली. साप न्हाई."

मी शिव्या झेलायला तयार होते. मी तिच्या जागी असते तर दिल्या असत्या, वर शेजाऱ्यांनाही बोलावलं असतं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलात. आता मला औषध ठाऊक हाय." आणि सुई भरता भरता म्हणाली, "तुमचे हात धुवा आधी. पदरालाबी लागलंय. तुमाला चक्कर येतीय का?"

माझ्या हातांचं मला स्वतःला सुचलंच नव्हतं.

त्या बस थांब्यावर, ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या आवाजात, मी जे बघितलं ते सांगायला मला आजही धड शब्द सापडत नाहीत. तिनं सुई दिली आणि कुत्रीच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. ओलं. थोडं थांबून परत सुई, परत बोट. मी विचारलं, कशाला बघायलीस? ती म्हणाली, तोंड कोरडं पडेपर्यंत द्यायचं, त्याच्या आधी थांबायचं न्हाई. दरम्यान गाडीचा ड्रायव्हर आणि अण्णा कॅन भरभरून पाणी आणत होते. डॉक्टरीण रस्त्याच्या कडेला मातीतच मांडी घालून बसली, कुत्रीला मांडीत घेतलं आणि भांड्याच्या साबणानं घासायला लागली, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत. घाण पाणी तिच्या कपड्यांवरून वाहत होतं. कुत्रीनं तिच्या अंगावर सगळं केलं, जे बेशुद्धीत जनावर करतं. तिनं नुसती पाय बदलून मांडी घातली.

"नाव काय हिचं?"

मी माझं नाव सांगितलं.

"तुमचं न्हाई अज्जी, हिचं."

"तेच."

ती हसली नाही. तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. ती कुत्रीच्या कानाशी वाकली आणि माझं नाव घेऊन म्हणायला लागली, "थांब गं, जाऊ नको. इथंच राहा, बंगारा." बंगारा म्हणजे कन्नडात सोनं. सासरी आल्यापासून मला माझ्या नावानं खूप जणांनी हाका मारल्या, पाण्याला, जेवायला, जाब द्यायला. इतक्या मायेनं कोणी मारलेली आठवत नाही. आणि ती मला नव्हतीच.

मग लाळेची तार तुटली. डोळ्यांतली बाहुली, जी मोहरीएवढी झाली होती, ती जरा पसरली. डॉक्टरीण म्हणाली, "अजून काय बी सांगता येत न्हाई. चला."

त्यांचा दवाखाना गुलबर्ग्याच्या बाहेर, पत्र्याची शेड. आत शिरले आणि दारातच थबकले. पायाला प्लास्टर घातलेलं एक गाढव उभं होतं, कोणाकडेही न बघता, देवळात उभं असल्यासारखं. खोक्यात पंखाला पट्टी बांधलेली घार. एक म्हातारे मियाँ तांदळाच्या पिशवीतून मांजर घेऊन आले होते, मांजराच्या तोंडाला इवलासा ऑक्सिजनचा मास्क, आणि ते त्याच्या कपाळावर दोन बोटं ठेवून पुटपुटत होते. अफजलपूरहून एक बाई शेळी घेऊन दोन बस बदलून आली होती. मी इतके दवाखाने बघितले, माझ्या बाळंतपणांचे, नवऱ्याच्या दुखण्याचे. तिथं आधी विचारतात, कुठले, कोणाचे. इथं प्रत्येकाला एकच विचारत होते, काय झालं. आणि गाढवाला तर तेही सांगता येत नव्हतं, तरी त्याचा पाय बसवलेला होता.

संध्याकाळी मी उमरग्याला भाच्याच्या फोनवर निरोप दिला. अक्कांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून भाचाच म्हणाला, सांगतो कुत्री आजारी आहे, गुलबर्ग्याला नेलीय, एवढंच. मला ते सोयीचं वाटलं. रात्र तिथल्या बाकावर गेली. जाग आली की बघायची, तर कोणी ना कोणी कुत्रीच्या हिरड्यांवर बोट फिरवत असायचं.

सकाळच्या बसनं अक्का आल्या. लग्नाचीच साडी, केसांत अजून अक्षतांचा एक तांदूळ. शेडच्या दारातूनच कुत्रीला बघितलं, सलाईन लावलेली, डोळे मिटलेले. मग मला बघितलं.

"काय केलंस?"

काय झालं असं नाही विचारलं. काय केलंस. मी हळूच सांगायला लागले. अक्कांनी कानाला हात लावला. मी जरा मोठ्यानं बोलले. परत हात. शेवटी मी माझं सगळं पाप त्या शेडमध्ये ओरडून सांगितलं. पावडर मी लावली, सापाचं खोटं बोलले, तिची आंघोळ उशिरा झाली ती माझ्यामुळं. मियाँ ऐकत होते, शेळीवाली ऐकत होती, घारीनंसुद्धा मान वाकडी केली. अक्का जाऊन कुत्रीच्या शेजारी फरशीवर बसल्या. त्यांचे हात साडीवर उघडे पडले होते, आणि त्या क्षणी त्या हैदराबादच्या चौथ्या मजल्यावर बसलेल्या दिसल्या मला.

दुपारपर्यंत आम्ही दोघी कुत्रीच्या दोन बाजूंना बसून होतो. डॉक्टरीण मध्येच यायची, एका हातात चहाचा कप, दुसरा हात कुत्रीच्या छातीवर. कपातला चहा गार झाला तरी तो हात हलायचा नाही. मी इतकी वर्षं लोकांच्या पोटाला हात लावून दुखणी सांगत होते. हात ठेवणं म्हणजे काय ते मी त्या दुपारी बघितलं.

ऊन कलताना कोणीतरी शेडचं फाटक वाजवलं. कुत्रीचे कान आधी उभे राहिले. मग मान उचलली, मग धडपडत पुढचे पाय टेकवले आणि सलाईनच्या नळीसकट सरकून तिनं अक्कांच्या लग्नाच्या साडीचा काठ दातात धरला. ओढायचा जोर नव्हता. नुसता धरून ठेवला.

डॉक्टरीण दारात थांबली. "आता वाचली म्हणायला हरकत न्हाई," ती म्हणाली, आणि स्वतःच पाठ फिरवून डोळे पुसून आली.

मला रडू आवरेना. मी अक्कांचे पाय धरायला वाकले. अक्कांनी माझा हात बाजूला केला, तो काठ कुत्रीच्या तोंडात तसाच राहू दिला, आणि माझ्याकडे बघून आख्ख्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"ती मेली असती तर मी तुला एक शबुद बोलले नसते. आता वाचलीय ना, आता मरेपर्यंत रोज बोलनार."