दोरीचं पेन

आमच्या हिंदीभाषक शहरातल्या फ्रीगंज भागात, आमच्या बँकेतले कॅशियर मराठी माणसाला हमखास म्हणायचे, "आरामात भरा हो स्लिप, जल्दी काय आहे?" काउंटरवरचं पेन मात्र दोरीनं बांधलेलं असायचं. परदेशातल्या मोठ्या बँका बुडाल्या, तेव्हा आमच्याकडेही पैसे काढायला रांग लागली. मीही त्याच पेनानं स्लिप भरत होतो. मागून कुणी ओरडलं, "भाईसाब, बैंक पर भरोसा कैसे करें?" कॅशियरनी पेनाकडे पाहिलं, कात्री घेतली आणि दोरी कापून टाकली. "सही बोले. आज तक हमने भी आप पर कहाँ किया!" लोक हसले, काही परतले. मीही स्लिप फाडली आणि निश्चिंत मनानं घरी आलो. शर्ट काढताना खिशात ते पेन सापडलं.