बादलचं रक्त

गाईच्या कानाला सुई लागायच्या आधीच तात्या स्वतःचे डोळे गच्च मिटायचे. हातात दावं, मान दुसरीकडे आणि एकच पालुपद, "झालं का वो ताई?"

"तात्या, सुई अजून पिशवीत आहे!"

तुम्ही म्हणाल, जन्म गोठ्यात गेलेला माणूस रक्ताला भितो? अहो, भितो म्हणजे काय! एकदा काचपट्टीवरचा थेंब दिसला आणि गडी सरळ वैरणीवर आडवा. गाय आपली निवांत रवंथ करतेय आणि आम्ही मालकाच्या तोंडावर पाणी मारतोय.

मी जनावरांच्या रक्ततपासणीचं काम करते. रहाटणीत आमची छोटी लॅब आहे. तात्यांचा गोठा कुरुळीत, दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये उरलेल्या तुकड्यावर. गोचीड चावली की तिच्यातून बारीक जंतू रक्तात शिरतात आणि धडधाकट दिसणाऱ्या गाईतही लपून बसतात. म्हणून अख्खा गोठा तपासायचा.

पलीकडच्या छपरात बादल असे. शर्यतीचा बैल! त्याचा थाट काय विचारता? त्याला दूध, अंडी, भिजवलेली डाळ आणि तात्यांना कोरा चहा. "ह्यो शर्यतीच्या घाटात सुटला की माझं वय निम्मं व्हतं," असं म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांची गाभण गाय गंगी गोचीडतापाने बसली. डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक. डॉक्टर म्हणाले, "औषध दिलंय, पण अंगात रक्तच उरलं नाही. दुसऱ्या जनावराचं चढवावं लागेल, तेही निरोगी."

मी सगळ्यांचे नमुने लॅबवर नेले. एकूण एक गाईच्या रक्तात थोडेफार जंतू होतेच. स्वच्छ निघाला फक्त बादल. आणि गावच्या यात्रेतली शर्यत तर तोंडावर आलेली. रक्त दिल्यावर महिनाभर पळवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी फोन करून तात्यांना सगळं सांगितलं.

"दुसऱ्या कुणाचं जनावर तपासू का? वेळ जाईल थोडा."

"गंगीत तेवढा दम न्हाई, ताई. या तुमी."

डॉक्टरांनी बादलचं रक्त काढलं. ती लालभडक बाटली तात्यांनी स्वतः हातात उंच धरली. डोळे टक्क उघडे.

"तात्या, पडाल हं."

"आज पडून कसं चालंल?"

गंगीला शेवटचा थेंब चढेपर्यंत बाटली खाली आली नाही. मला बाई भरूनच आलं.

गंगी उठली. तिला झालेली कालवड आता स्वतः गाभण आहे. तात्या मात्र गेल्या थंडीत गेले. फार चुटपुट लागते जिवाला.

मला ते आठवतात त्या यात्रेच्या दिवशीचे. गंगीचं रक्त पुन्हा तपासायला मी गेले होते. येणारे-जाणारे विचारत, "काय तात्या, बादल नाही का पळणार?"

"रक्तदान केलंय त्यानं. रजेवर हाय!" तात्या हसून सांगत.

माणसं पुढे गेली. घाटात हलगी कडाडली, तसा बादलने कान टवकारले आणि दाव्याला जोरात हिसका दिला. तात्यांनी त्याच्या वशिंडावर हात ठेवला. त्यांचे डोळे पाण्याने भरलेले.

"गप रं लेकरा," ते म्हणाले, "आपली शर्यत झाली औंदाची."

मग उपरण्याने तोंड पुसून ते गंगीपुढची वैरण जरा आत सरकवायला गेले.