रिठ्याने धुतलेले पंख

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते महानगर मोहल्ल्यातल्या घरमालकीण काकूंचे. त्यांच्या हातचं जेवून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

त्या नागपूरला लेकीकडे असताना काकांनी मला सोबत नेऊन आपल्या वैमानिक वडिलांच्या गणवेशावरचे जरीचे पंख शेजारच्या निशातगंजमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात दाखवले.

"पुरानी ज़री काली पड़ती है, साहब. ये नकली है," दुकानदार म्हणाला.

काकांचा चेहरा उतरला. मी पंख उलटे केले. मागे नकली पंखांना असतो तसा डिंक नव्हता. हाताचे वेडेवाकडे टाके होते, त्यांत गणवेशाचे निळे धागे अडकलेले.

"असली है! पर इतनी चमक?" दुकानदार चकित झाला.

पंखांना रिठ्याचा वास होता. मी ते रुमालात गुंडाळले.

रात्री पत्र लिहिलं: "काकू, पंख खरे ठरले. तुम्ही ते पैठणीसारखे धुतलेत, हे काकांना अजून सांगितलेलं नाही. चकल्या लवकर पाठवा."